फळाची अपेक्षा नेमकी कुणी सोडायची?

हल्ली गीता ऑफिसात आलीये. म्हणजे पूर्वी नव्हती असं नाही, टेबलाच्या काचेखाली कृष्णार्जुनाचा रथ आणि शेजारी "जो हुआ अच्छा हुआ" हे निम्म्या सरकारी कचेऱ्यांमध्ये असायचंच (हे वाक्य गीतेत कुठेच नाहीये, पण ते जाऊ दे). ती गीता निदान ज्याच्या टेबलावर असायची त्याची स्वतःची असायची. आताची गीता कॅलेंडर इन्व्हाइटमधून येते, एचआरकडून, आणि खाली लिहिलेलं असतं की उपस्थिती सक्तीची आहे.

माझा एक मावसभाऊ हिंजवडीत कामाला आहे, त्याच्याकडे असं एक सेशन झालं, प्राचीन ज्ञान आणि आजचा ताण अशा काहीतरी नावाचं. शुक्रवारी संध्याकाळी, शिफ्ट संपल्यावर, म्हणजे माणसं वाकडच्या ट्रॅफिकच्या आधी निसटायची धडपड करत असतात नेमकं तेव्हा. वक्ते छान बोलले म्हणे, उच्चार स्वच्छ, आवाज भारदस्त. पहिल्याच स्लाइडवर कुरुक्षेत्र, आणि रथाच्या ध्वजावर जिथे मारुती असतो तिथे कंपनीचा लोगो. दुसऱ्या स्लाइडवर अर्थातच 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन'. आता योगायोग म्हणा की अजून काही, त्याच तिमाहीत सगळ्यांचा व्हेरिएबल पे, म्हणजे पगारातला कामगिरीवर मिळणारा भाग, कापला होता. शेवटी प्रश्नोत्तरांना पाचेक मिनिटं ठेवली होती त्यात एक पोरगा उठला आणि म्हणाला, सर, फळाची अपेक्षा आम्ही सोडतो, काही हरकत नाही, पण मग ते फळ जातं कुठे? हॉल हसला, वक्तेही हसले, गुड क्वेश्चन म्हणाले आणि वेळ संपली.

मला वाटतं त्या पोराने तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त गीता वाचली होती. आपल्याकडे या विषयावर वाद होतो तो कायम एकाच जागी अडकतो, जुनं ज्ञान आजच्या काळात उपयोगी आहे की नाही. एक बाजू म्हणते सगळं आपल्या पूर्वजांना माहीतच होतं, दुसरी म्हणते हे सगळं भाकड आहे. अरे उपयोगी आहे, त्यात काय वाद घालायचा. खरा प्रश्न हा आहे की ते कोण कुणाला लावतंय. निष्काम कर्म मी स्वतःला लावलं तर ती माझी साधना. पण ज्याचा पगार माझ्या हातात आहे त्याला मी निष्काम व्हायला सांगितलं तर ते अध्यात्म नाही राहत, ते बजेट कंट्रोल होतं.

गीतेतच बघा ना. ती सांगतोय कोण? सारथी. हातात शस्त्र नाही, घोड्यांचे लगाम आहेत, समोरून बाण येणार ते आधी त्याच्याच अंगावर. ज्याला सांगतोय तो राजपुत्र आहे, धनुर्धर आहे, रथाचा धनी आहे. म्हणजे उपदेश करणारा खालच्या जागी बसलाय आणि ऐकणारा वरच्या, आणि दोघंही एकाच धोक्यात उभे आहेत. एसी केबिनमधून कुणी मेल पाठवलेला नाही. बरं, अर्जुन पण मुकाट ऐकून घेत नाही, तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो सरळ म्हणतो की तुझं हे उलटसुलट बोलणं ऐकून माझी बुद्धी गोंधळलीये, एक काय ते नक्की सांग. कंपनीच्या टाउनहॉलमध्ये, सगळ्यांच्या बैठकीत साहेबांसमोर, हे वाक्य बोलून बघा. आणि १८ अध्याय, ७०० श्लोकांची गीता संपत आल्यावर कृष्ण काय म्हणतो? 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु.' सगळं सांगितलं, आता पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल ते कर. हा श्लोक मी आजवर एकाही कॉर्पोरेट स्लाइडवर पाहिलेला नाही. दुसऱ्या अध्यायातला एक अर्धा श्लोक उचलायचा आणि अठराव्यातला हा सोडून द्यायचा, ही निवड आपोआप होत नसते.

आता कुणी म्हणेल की अरे पण त्या श्लोकाने लोकांना खरोखर बळ मिळतं त्याचं काय. मिळतंच. पुण्यात नवी पेठेत, सदाशिव पेठेत अभ्यासिकांमध्ये जाऊन बघा, एमपीएससीची पोरं वर्षानुवर्षं बसलेली असतात, टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेला एखादा श्लोक किंवा अभंग असतो, जागा किती निघणार, कटऑफ कुठे लागणार यातलं काहीच त्यांच्या हातात नसतं, हातात असतं ते आजचं वाचन. अशा माणसाला 'फळाकडे बघू नकोस' हे सांगणं म्हणजे पोकळ गप्पा नाहीत, त्याशिवाय तो तिथे टिकणारच नाही. पण याच पोरांनी ऑगस्ट २०२४ मध्ये काय केलं? २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा एकाच दिवशी आली तेव्हा ती पुण्यात रस्त्यावर ठिय्या देऊन बसली, रात्रभर हटली नाहीत, आणि आयोगाला परीक्षा पुढे ढकलावी लागली. यात मला कुठेही विसंगती दिसत नाही. अभ्यासाच्या टेबलावर निष्काम राहायचं आणि वेळापत्रकाच्या बाबतीत अजिबात राहायचं नाही. जे आपल्या हातात नाही ते सोडायचं आणि जे दुसऱ्या माणसाच्या हातात आहे, आणि त्याने करायला पाहिजे ते तो करत नाहीये, ते सोडायचं नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ करणं हाच त्या सक्तीच्या सेशनचा खरा धंदा आहे.

परंपरा खालून वर कशी वापरतात याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात झकास उदाहरण मला नारायण मेघाजी लोखंड्यांचं वाटतं, आणि आपण ते शाळेत धड शिकतही नाही. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवायचे, गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेलं त्यामुळे आतलं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांमध्ये सूर्य उगवला की भोंगा आणि मावळला की सुट्टी, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास कुठे गेले नाहीत, आणि साप्ताहिक सुट्टी हा प्रकारच नाही. सणाला बंद असायच्या तेवढ्याच. १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या बघा, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर अपघात झाला तर बरा होईपर्यंत पगार, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. तो दिवस रविवार. आता रविवार साहेबांच्या चर्चचा वार म्हणून मागितला असता तर गिरणीमालक म्हणाले असते तुम्ही काय ख्रिस्ती आहात का. लोखंड्यांचा मुद्दा असा की रविवार हा खंडोबाचा वार आहे, कुळधर्म-कुळाचार आहे, आणि बाकीचे सहा दिवस मालकासाठी राबणाऱ्या माणसाला एक दिवस देवासाठी आणि समाजासाठी मिळाला पाहिजे. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यात दोन बायकाही बोलल्या, आणि १० जून १८९० ला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

मला यात फार मजा वाटते. जेजुरीचा खंडोबा, बेल-भंडारा, तळी उचलणं, हे सगळं ज्याला आपण इंग्रजी शिकलेली माणसं 'लोकपरंपरा' म्हणून कोपऱ्यात ठेवतो, तिचा एवढा आधुनिक उपयोग त्या काळच्या एकाही पंडिताला सुचला नाही. आणि लोखंडे काही भाबडे नव्हते, सत्यशोधक होते, भटजीशिवाय लग्नं लावणारे लोक हे. पण आपल्या माणसांच्या श्रद्धेतलं नेमकं काय कुणासमोर ठेवायचं हे त्यांना कळत होतं. आज आयटीवाला रविवारी सकाळी आळोखेपिळोखे देत मिसळ खायला निघतो तेव्हा त्या प्लेटमध्ये थोडा भंडारा आहे, आणि शनिवारच्या सक्तीच्या वेबिनारला नाही म्हणायची वेळ आली तर तोच भंडारा कामाला यायला हवा.

लोकमान्यांचंही घ्या. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलं, शिसपेन्सिलीने, मधुमेह अंगात, आणि ते छापून आलं १९१५ मध्ये. संन्यास नव्हे कर्मयोग, हात झटकून बसू नका, हे त्यांनी त्या ग्रंथात मोठमोठ्या आचार्यांशी वाद घालत मांडलं. म्हणजे ते वाक्य त्यांनी आधी स्वतःवर चालवलं होतं, सहा वर्षांची शिक्षा भोगत. पण माझा आवडता तपशील वेगळाच आहे. जुलै १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, वर्षाला एक दिवस या हिशोबाने. कर्मयोगाचा एवढा मोठा ग्रंथ ज्याने लिहिला त्याच्यासाठी हजारो माणसांनी काम बंद ठेवलं होतं, हे कुठल्याही मोटिव्हेशनल वक्त्याला सोयीचं नाही.

आणि माउलींचं तर विचारूच नका. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ ला, म्हणजे १२९० मध्ये, नेवाशाला. नऊ हजार ओव्यांत फलाशा सोड, फलाशा सोड असं समजावून सांगितलं आणि सगळं संपल्यावर काय केलं? मागणं मागितलं! 'आता विश्वात्मकें देवें, येणें वाग्यज्ञें तोषावें, तोषोनि मज द्यावें पसायदान हें.' काम पुरं केलं, आता तू खूश हो आणि मला दे. आणि जे मागितलं त्यात 'जो जे वांछील तो ते लाहो' आहे, ज्याला जे हवं ते त्याला मिळो. स्वतःसाठी एक दमडी नाही, बाकी सगळ्यांसाठी फळच फळ. आपल्या ऑफिसातल्या कार्यक्रमांचा शेवट पसायदानाने होतो, सगळे उभे राहतात, हात जोडतात, आणि त्यात बोनसचा मुद्दा दडलाय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

योगाचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यांना दिसतंच आहे. २०१५ पासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन, चांगली गोष्ट आहे, चटया अंथरल्या जातात, फोटो निघतात, चार लोकांची पाठदुखी कमी होत असेल तर उत्तमच. पण पतंजलीच्या दोनशेच्या आत-बाहेर सूत्रांमध्ये आसनावर मोजून तीन सूत्रं आहेत आणि आसन आठ अंगांपैकी तिसरं अंग आहे. पहिलं अंग यम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. आता अस्तेय म्हणजे दुसऱ्याचं न घेणं, यात दुसऱ्याचा वेळ येतो की नाही? सांगा मला, 'अस्तेय सप्ताह, या आठवड्यात सात वाजल्यानंतर कुणालाही फोन करायचा नाही' असा मेल कुठल्या एचआरने पाठवलाय? संतोष मात्र सगळ्यांना आठवतो, तो दुसऱ्या अंगात आहे, नियमांत, आणि पगारवाढीच्या महिन्यात तो फार लोकप्रिय होतो.

अपरिग्रहावरून, म्हणजे साठवून न ठेवण्यावरून, गांधीजी आठवले. दक्षिण आफ्रिकेत गीता वाचताना या शब्दाने त्यांना धरलं आणि मुंबईत काढलेली दहा हजार रुपयांची विमा पॉलिसी त्यांनी चक्क बंद पडू दिली. हे खरं स्वतःला लावणं. पण त्यातही एक बोच आहेच, ती पॉलिसी बायकोमुलांसाठी होती, कस्तुरबांना त्या निर्णयात किती जागा होती हा प्रश्न उरतोच. म्हणजे स्वतःला लावलेलं तत्त्वज्ञानसुद्धा घरातल्या दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेऊ शकतं, मग साहेबाने लावलेल्याची काय कथा.

आता जरा जड विषय. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या अकाउंटिंग फर्ममधल्या तरुण मुलीचा मृत्यू झाला, नोकरीला लागून काही महिनेच झाले होते, आईने कंपनीच्या प्रमुखाला कामाच्या ओझ्याबद्दल पत्र लिहिलं आणि ते देशभर फिरलं. त्यानंतर केंद्रीय अर्थमंत्री चेन्नईतल्या एका कार्यक्रमात बोलल्या की ताण सहन करायला आतलं बळ लागतं, ते घरातून आणि ईश्वरावरच्या श्रद्धेतून येतं, मुलांना ते शिकवलं पाहिजे. त्यावर गदारोळ झाला, मग खुलासा झाला. मला त्यांच्या हेतूवर शंका घ्यायची नाहीये, वाक्य म्हणून ते खोटंही नाही, आतलं बळ लागतंच. पण जी मुलगी सीएसारखी परीक्षा पास झाली तिच्यात बळ कमी होतं? पुढे कामगार खात्याच्या तपासणीत काय निघालं तर त्या ऑफिसचं शॉप अ‍ॅक्टखालचं रजिस्ट्रेशनच नव्हतं. आत्मबळाच्या चर्चेत हा कागद कुणाला आठवला नाही. म्हणूनच मी म्हणतो की वरून आलेल्या अध्यात्माची भीती वाटते, ते चुकीचं असतं म्हणून नव्हे, ते नेमकं त्या वेळी येतं जेव्हा कागद मागायची वेळ असते.

इथे बाबासाहेबांशिवाय पुढे जाताच येत नाही. प्राचीन भारतीय परंपरा आधुनिक आयुष्याला लावण्याचा गेल्या शतकातला सगळ्यात मोठा प्रयोग कुणी केला असेल तर त्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात. अडीच हजार वर्षांपूर्वीचा धम्म घेतला आणि लाखो माणसांचं रोजचं जगणं, नाव, लग्न, घरातली भिंत, सगळं बदललं. पण क्रम बघा. आधी १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, म्हणजे परंपरेतलं काय घ्यायचं नाही ते ठरवलं. मग मजूर खात्याचे मंत्री म्हणून व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसून कामाच्या तासांवर भांडले, १९४६ मध्ये कारखान्यांसाठी आठवड्याची मर्यादा ५४ वरून ४८ तासांवर आली. मग संविधान. आणि त्यानंतर धम्म. बुद्धाचा अष्टांग मार्ग त्यांना कमी महत्त्वाचा वाटत होता म्हणून तो शेवटी आला असं नाही, पण शांत चित्ताने बसायला माणसाला आधी बसायला जागा आणि वेळ लागतो, आणि ती जागा कायद्याने मिळते हे त्यांना ठाऊक होतं. गीतेवर त्यांनी कडक टीका केली, 'स्वधर्मे निधनं श्रेयः' (आपल्या धर्मात मरण आलं तरी बरं) ऐकवून कुणाला कुठल्या कामाला जखडून ठेवलं गेलं हे त्यांनी घरातच पाहिलेलं होतं. ज्यांना गीता प्रिय आहे त्यांनी (माझ्यासकट) ही टीका बाजूला न सारता शेजारी ठेवून गीता वाचावी, नाहीतर आपण वाचत नाही, नुसतं पाठ म्हणतो.

विपश्यनेचं उदाहरण मला त्या मानाने प्रामाणिक वाटतं. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून इकडे आले (जन्म मंडालेचाच, काय योगायोग), १९७६ पासून इगतपुरीला केंद्र सुरू झालं. दहा दिवस, पहाटे चारला घंटा, बोलणं बंद, फोन जमा, फी नाही, दान द्यायचं तर शिबिर पूर्ण केल्यावरच. इथे तुमच्यासाठी दुसरं कुणी निष्काम होऊ शकत नाही आणि तुम्हीही कुणाला करू शकत नाही, स्वतःचा गुडघा स्वतःच दुखवून घ्यायचा असतो. आणि महाराष्ट्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना यासाठी रजा देतं, ही मला खरी 'प्राचीन ज्ञानाची अंमलबजावणी' वाटते, कारण त्यात देणाऱ्याच्या खिशातून काहीतरी जातं. खासगी कंपनीत मात्र लंचनंतर अर्धा तास माइंडफुलनेस घेतील, डोळे मिटायला सांगतील, पण इगतपुरीला जायचंय दहा दिवस सुट्टी द्या म्हटलं की टीएलचं, म्हणजे टीम लीडरचं, स्वतःचं चित्त विचलित होतं.

तर कंपन्यांना गीता शिकवायचीच असेल तर माझा विरोध नाही, फक्त सुरुवात दुसरीकडून करा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांसाठी दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली, म्हणजे खालच्या माणसाच्या कर्माची बाजू भक्कम आहे, तिथे उपदेशाची गरज नाही. पहिलं सेशन बोर्डरूममध्ये ठेवा, तिमाहीचा निकाल जाहीर व्हायच्या आदल्या संध्याकाळी, ऑफिसची वेळ संपल्यावर, उपस्थिती सक्तीची. मा फलेषु कदाचन यावर तासभर बोला, शेअरचा भाव हे फळात धरायचं की नाही यावर प्रश्नोत्तरं घ्या, आणि तिथे काय ठरलं त्याचे मिनिट्स हिंजवडीतल्या त्या पोराला मेल करा, तो वाट बघतोय.